शून्यही मोजूनच

आमच्या शेजारचे गुरुजी भर उन्हाळ्यात, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, रोज सकाळी आठ वाजता पाऊस मोजतात.

त्यांच्या अंगणात मधोमध एक डबा पुरलेला आहे. डब्यात बाटली, बाटलीवर नरसाळं. गुरुजी वाकून बाटली काढतात, डोळ्यांसमोर धरतात आणि वहीत शून्य लिहितात. संत्र्याच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाया रस्त्यावरून हसतात. "गुरुजी, ऊन तापून राहिलं अन् पाऊस कायचा मोजता?"

"शून्य बी मोजूनच लिहा लागते," गुरुजी म्हणतात. "अंदाज नको, आकडा पाहिजे."

पांढुर्ण्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. पेन्शनीत गेले, पण भूगोल काही सुटला नाही. सौसरहून पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी प्रश्न, "तुमच्याकडं काल किती होतं?"

"लय उकडत होतं, गुरुजी."

"उकडणं म्हणजे किती?"

पाहुणा पुढच्या वेळी येताना आधी आमच्या घरी डोकावतो आणि गुरुजी झोपलेत का ते विचारतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव गोटमार, म्हणजे दोन्ही काठांवरून होणारी दगडफेक, पाहायला जाम नदीकडे धावतं. आमची गल्ली नदीपासून लांब आहे, तरी गुरुजी त्या दिवशी डोक्यावर कढई ठेवून बाटलीजवळ बसतात. एखादा गोटा चुकून इथवर आला तर वर्षाचा पाऊस फुटेल म्हणून.

गल्लीतल्या पोरांचा त्यांच्याशी एक खेळ चालतो. पोरं मोबाईलमधून कुठल्याही गावाचे बारा महिन्यांचे उन्हाचे आणि पावसाचे आकडे काढतात, गावाचं नाव लपवतात. गुरुजी पाटीवर पावसाचे खांब काढतात, उन्हाची रेघ ओढतात आणि तो मुलूख कसा आहे ते सांगतात. "बाराही महिने पाऊस, पारा जागचा हलत नाही. दाट जंगल आहे. माकडं, साप." किंवा, "आठ महिने गारठा, पाऊस नावाला. झाडच नाही तिथं." एकदा पोरांनी आपल्या पांढुर्ण्याचेच आकडे दिले. गुरुजी म्हणाले, "साग, पळस, संत्रं. हे आपलंच हाय. पण जुलै चुकला. तुमच्या मोबाईलले म्हणा, माझी वही पाहून जा."

घरांनाही ते असेच मुलूख वाटून देतात. माझ्या स्वयंपाकघराला विषुववृत्त म्हणतात, कारण तिथे सदा वाफ आणि ओले कपडे. त्यांच्या स्वतःच्या घराचं नाव मात्र ते कधी सांगत नाहीत.

त्यांची बायको लवकर गेली. मुलगा नीलेश माझ्याच घरी जेवून मोठा झाला. त्याला हॉटेलात स्वयंपाकी व्हायचं होतं, गुरुजींना तो मास्तर व्हायला हवा होता. निघाला त्या दिवशी अंगणात उभा राहून बोलला, "मले ताप आला का तुम्ही थर्मामीटर लावला, बाबा. कपाळाले हात कधी लावला नाही." गुरुजी वाकून बाटलीवरचं नरसाळं नीट करू लागले. मी दाराआड उभी होते.

तो बाहेर देशात गेला. कुठे, ते सांगितलं नाही. महिन्यातून एकदा मला फोन करी. इंटरनेटवरून येई, नंबर काही समजत नसे. "काकू, बाबांसाठी पत्ता इचारसान तं मी फोन बंद करीन," हे त्यानं पहिल्यांदाच सांगून टाकलं.

गुरुजींच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या ओट्याशी आले. मी चौथी शिकलेली, त्यांच्यासमोर मी कधी धड बोललेली नाही. डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले.

"बाई, पत्ता इचारू नका," ते म्हणाले. "फक्त थंडी किती, पाऊस किती, एवढंच इचारा. बारा महिने."

आकडा कसा विचारायचा? मला जमेना. मी आपली नेहमीसारखी विचारी, "स्वेटर घालतं का रे? कपडे वाळतात का?" तो सांगे, आणि मी भिंतीपलीकडे जाऊन गुरुजींना सांगे.

"कपडे दोन दिवस वाळले नाही म्हणते."

मला वाटलं, आता चिडतील. पण गुरुजींनी मान हलवली. "दोन दिवस… म्हणजे ऐंशी मिलिमीटर धरू. अन् पांघरूण?"

"एक दुलई, एक चादर."

"बारा डिग्री." ज्यांनी कुणाचा अंदाज कधी मानला नाही, ते माझ्या दुलईचे आकडे करू लागले. फोनचा दिवस टळला की कुंपणाशी घिरट्या घालत, पण विचारत नसत.

पोळ्यानंतर सुरू केलेली पाटी पुढच्या श्रावणापर्यंत अकरा महिने भरली. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. गुरुजी एकदा हळूच म्हणाले, "बाई, असा मुलूख समुद्राकाठी असते. तिथं संत्रं होते." मग लगेच, "पण श्रावणाचा आकडा पाहिजे. तिथं आता पाऊस आला तं सगळं चुकलं."

आमच्याकडे झड लागली होती, गुरुजींची बाटली रोज भरून वाहत होती. फोन आला. मी म्हटलं, "नीलेश, कपडे वाळतात ना रे?"

तो म्हणाला, "काकू, हे कोण इचारून राहिलं, मले पहिल्या महिन्यापासून मालूम हाय. लिहून घ्या. पारा एकोणतीस. पाऊस शून्य."

"बरं," मी म्हटलं.

"अंदाज नाही, काकू. खोलीच्या गच्चीवर बाटली लावली. रोज सकाळी आठले पाहून येतो. तीन महिने झाले, रिकामीच असते."

मी तशीच पावसात पलीकडे गेले. गुरुजी पाटी मांडीवर घेऊनच बसले होते. मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. इतकं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

"मोजून सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"मोजून."

त्यांनी शेवटच्या घरात शून्य काढलं आणि खडूनं ते तसंच गिरवत राहिले, शून्य चांगलं जाड होईस्तोवर. मुलखाचं नाव त्यांनी लिहिलंच नाही. मी जायला वळले तेव्हा म्हणाले,

"बाई, पुढच्या फोनले त्याले सांगा, बाटली भिंतीपासून लांब ठेव म्हणा. अन्…"

उजवा हात उचलून त्यांनी पाटीवर ठेवला, अलगद, ताप पाहावा तसा.