बिनखात्याची पंगत

"तुमचं नाव यादीत नाही, अण्णा," पुट्टम्मा पळी खाली ठेवत म्हणाली.

"अगं, तीस वर्षं तुझ्या हातचे नाचणीचे गोळे गिळतोय. समोर उभा आहे ना मी?"

"मला दिसताय. यादीला दिसत नाही."

मैसूरच्या त्या रेशीम कारखान्यात जेवणाची यादी त्या दिवसापासून संगणक काढू लागला होता. निवृत्तीला आठ महिने उरलेले जवरेगौडा उपाशीपोटी संगणक सांभाळणाऱ्या वारिजाकडे गेले. तिने दोन तक्ते उघडले, एक माणसांचा, दुसरा खात्यांचा. दोन्ही जोडून यादी निघे. गौडांचं बॉयलर खातं कधीच बंद झालं होतं आणि खात्यांच्या तक्त्यातली त्याची ओळ पुसली गेली होती. जोडीची ओळ मिळेना, म्हणून गौडा गळले.

"म्हणजे मी मेलो?"

"तसं नाही हो. जोडणी चुकली. आता खातं सापडलं नाही, तरी माणूस राहील असं करते."

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. यादीत गौडा आले, पण त्यांच्याखाली बॉयलर खात्याची आणखी अकरा नावं आली. ते सगळे वारले होते. त्यांना माणसांच्या तक्त्यातून काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. वारिजा धावत खाणावळीत पोहोचली, तोवर केळीची बारा पानं वाढून झाली होती.

"अक्का, ती पानं उचला."

"अमावस्येला नाव घेऊन वाढलंय. हिंमत असेल तर तू उचल."

वारिजाकडे दोन पदव्या होत्या, पण हिंमत नव्हती. गौडा एकटेच त्या पंगतीला बसले. बाकीचे कामगार ताटं घेऊन अंगणात गेले.

अर्ध्या तासाने वारिजाने आत डोकावलं. गौडांचा भात अजून निम्मा उरला होता. शेजारची अकराही पानं चाटूनपुसून रीतसर मिटलेली होती.

"अण्णा, उद्यापासून तुमचं एकट्याचंच नाव ठेवते. यांना काढून टाकते."

"काढलं की कसं वाटतं, ते काल मी भोगलंय," गौडा म्हणाले. "राहू दे त्यांना."

मग ते शेजारच्या रिकाम्या जागेकडे कान देऊन जरा थांबले.

"पुट्टम्मा, रंगप्पा विचारतोय, उद्या सार कसलं?"

"हुलग्याचं," पुट्टम्मा म्हणाली आणि बारा माणसांचे हुलगे भिजत घालायला गेली.