मातुश्रींच्या सदरेस ऊबदार लाकडी जमीन जाहली त्याची हकीकत

श्रीगणरायाचे चरणी मस्तक ठेवून, व ते चरण सदैव ऊबदार जागी असोत ऐसे मागोन, हकीकत लिहिली ती ऐसी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन वद्य पंचमी, ते समयी डोंगरमाथ्यावरील एका राज्यात थंडीने लवकरच मुक्काम टाकिला. राज्य मातुश्री चिमाबाईसाहेब चालवीत. दंडक ऐसा की न्याय देणाराने फिर्यादीसमोर त्याच भुईवर बसावे, आणि सदरेची फरशी तो बर्फ, आणि मातुश्रींचे गुडघे सत्तरीचे, मग दोघी दासींनी धरल्याविना उठणे होईना. कारभारी अंताजीपंत अदबीने बोलिले, "आईसाहेब, आपण विसावा घ्यावा. फिर्यादी आम्ही कचेरीत ऐकू. तेथे खुर्च्या आहेत." पंतांच्या कचेरीत शिरलेली फिर्याद तीन वर्षे बाहेर येत नसे, हे मातुश्री जाणून होत्या. म्हणाल्या, "मार्गशीर्षी पौर्णिमेस सदर भरेल व आम्ही भुईवर बसू. न जमल्यास न्यायाचा शिक्का तुमचा."

मग रुद्राजी पांचाळ सुतार यांस बोलावणे गेले. त्यांनी फरशी उखडविली, आणि गरम पाण्याच्या नळ्या वेटोळ्यांनी अंथरविल्या, आणि वर काँक्रीटचा थर ओतविला, आणि नळ्या तापवून तो थर कित्येक आठवडे सुकविला. मग वीतभर रुंद फळ्या आणविल्या, वर सागाचा थर, खाली आडवे-उभे चिकटविलेले थर, जेणेकरून उष्णतेने वाकू नयेत, आणि त्या आठ दिवस सदरेतच रचून ठेविल्या. पंत म्हणाले, "पांचाळ, या काय पाहुण्या आहेत?" रुद्राजी म्हणाले, "सुना आहेत, पंत. घर अंगवळणी पडले की वाकड्यात शिरत नाहीत."

पुढे मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीस फळ्या बसविण्याचा मुहूर्त, मातुश्री व मानकरी सदरेत हजर. रुद्राजींनी ओल मोजण्याचे यंत्र थरास लाविले, तो आकडा वर चढोन बसला, आणि नाकात शेणाचा वास आला. आदले दिवशी पाच सवाष्णींनी अवघी सदर शेणपाण्याने सारवोन, कडेने रांगोळी घातली होती. नवी भुई सारवल्याविना पाऊल टाकू नये, हा राज्याचा जुना रिवाज, आणि हुकूम खुद्द मातुश्रींचा. पंत कानाशी लागले, "वर फळ्या बसल्या की कोणास दिसते? मुहूर्त साधा." रुद्राजी पेचात पडले. बसवाव्या तर खालच्या ओलीने फळ्या फुगून होडीसारख्या उचलणार. सांगावे तर भर सदरेत मातुश्रींची चूक काढणे, आणि पौर्णिमा हुकोन शिक्का पंतांकडे जाणे. तरी हात जोडोन म्हणाले, "आईसाहेब, सारवणाने थर भिजला. खरवडून पुन्हा सुकविण्यास तीन आठवडे लागतील."

"सारवा म्हणोन कोणी सांगितले?"

"आपणच, आईसाहेब."

मातुश्री हसल्या. "मग एवढे थरथरता कशास? चूक आमची. तुम्ही सांगितलेत म्हणोन फळ्या तरी वाचल्या. पौर्णिमेची सदर स्वयंपाकघरात भरेल."

"स्वयंपाकघरात न्याय?" पंत उद्गारले.

"तेथे भुई आहे आणि चूल आहे. तुमच्या कचेरीत काय आहे?"

"खुर्च्या," पंत प्रामाणिकपणे म्हणाले.

ऐसी सदर चुलीपाशी भरली. एका वेळी चारच माणसे मावत, आणि वाट पाहणारांस आचारी कांदे सोलावयास देई, आणि डोळे आधीच ओले जाहल्याने तंटे लवकर मिटत. मात्र मातुश्रींस उठविण्यास दासी लागतच.

तिकडे रुद्राजींनी सारवण खरवडिले, थर सुकविला, ओल तीनदा मोजिली, आणि नळ्या थंड करोन फळ्या चिकटविल्या, आणि लाकडास फुगावयास जागा म्हणोन भिंतीकडेने बोटभर फट राखिली. मग उष्णता दिवसास एकच अंश चढविली. पंत म्हणाले, "एका अंशाने मांजर तरी बसेल काय?" पाचवे दिवशी मांजर बसले.

पौष वद्य तृतीयेस सदर भरली. जोडे बाहेर काढोन लोक आत आले, आणि पाय टेकताच कित्येक जण फिर्याद विसरोन उभेच राहिले. मातुश्रींनी दुपारपावेतो अकरा फिर्यादी ऐकिल्या. दासी धरावयास पुढे जाहल्या, त्यांस हातानेच थांबवून, तळवा फळीवर टेकवून, मातुश्री आपल्या आपण उठल्या. आणि उभ्या राहोन, अवघ्या सदरेदेखत, पांचाळांस हात जोडिले. रुद्राजी खाली वाकोन फळ्यांचा सांधा न्याहाळू लागले. डोळे भरोन आले होते, आणि सागावर पाणी सांडू नये म्हणोन ते त्यांनी घाईने बाहीने टिपिले.

एकूण मतलब इतुका की, जमीन सपाट आहे, शिक्का मातुश्रींपाशी आहे, आणि राज्य त्या सुताराचे उपकार मानिते. अंताजीपंतही रोज सदरेत येऊन मांडी घालोन बसतात. काम काय म्हणोन कोणी पुसत नाही.