पाळण्याशी साइव्हबाई

मुलांनो, तुमच्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या घराशेजारच्या साइव्हबाई नाव चुकवणाऱ्याच्या हातून पार्सलसुद्धा घेत नाहीत. ज्ञानेशच्या जन्माच्या वेळी मी तिथे आले, तेव्हा पहिलं दर्शन तेच. कुरियरवाला खोक्यावरचं आयरिश स्पेलिंग वाचून म्हणाला, "सॅडब?" बाई दारात हाताची घडी घालून उभ्या.

"ट्राय अगेन, लव्ह."

बिचाऱ्याने नाना तऱ्हा केल्या. तुमच्या आईकडून, मीनलकडून, मला खरा उच्चार कळला होता. शेवटी मीच कुंपणावरून ओरडले, "साइव्ह! से साइव्ह!" पार्सल आत गेलं आणि पाठोपाठ मीही, चहाला.

बाई निवृत्त नर्स. वॉर्डात कुणाला नाव जमेना म्हणून मेट्रनने त्यांची 'सॅली' केली. नोकरीभर त्या सॅलीच राहिल्या. "पेन्शन सुरू झाली त्या दिवशी सॅली वारली," त्या सांगत. "फुलं पाठवू नका."

बारशाआधी आपल्या घरात वाद पेटला. मला पणजोबांचं नाव हवं होतं. तुमचे बाबा म्हणाले, "आई, ज्ञानेशच्या इथे चिंध्या होतील हो. नील ठेवू. सुटसुटीत." त्यात नागपूरच्या आत्याला व्हिसा मिळाला नाही. बाळाच्या कानात नाव सांगणार कोण? मी साइव्हबाईंना विचारलं आणि दोन्ही नावंही सांगितली.

त्या बाबांकडे वळल्या. "सुटसुटीत नाव मी वापरून पाहिलंय, लव्ह. शेवटपर्यंत दुसऱ्याचाच कोट घातल्यासारखं वाटतं."

बाबांनी 'नील'चा हट्ट सोडला. मग रोज सकाळी कुंपणापलीकडून हाक, "नॅनिश?" मी कपडे वाळत घालता घालता म्हणायचे, "ट्राय अगेन, लव्ह."

बारशाला त्या पाळण्यावर वाकल्या, "कुर्रर्र" केलं आणि "ज्ञानेश" म्हणाल्या. अगदी स्वच्छ! रिवाजाप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. ते आधी सांगायचं राहूनच गेलं होतं. पण बाई हलेनात. कानाशी कुजबुज चालूच.

"इतकं काय सांगत होतात?" मी नंतर विचारलं.

"माझी माणसं. आई ब्रीड, भाऊ टायग, बहीण नीव्ह. त्यांची नावं नीट घेणारी मी एकटीच उरलेय." त्यांनी पाळण्याला हलका झोका दिला. "म्हटलं, आता याच्याही कानावर असू देत."

ज्ञानेश, तू तेव्हा गाढ झोपला होतास, म्हणून ती नावं इथे लिहिली. कुंपणाशी जाऊन एकदा मोठ्याने म्हण. चुकलास तर त्या सांगतीलच.