भुरी लावीची पहिली श्रेणी

बाळांनो, एका जंगलात चोर होते मोजकेच, पण त्यांचा बंदोबस्त करणारं खातं मात्र भलंमोठं होतं. ते खातं कसं निघालं, ते ऐका.

त्या जंगलात भुरी नावाची एक लावी राहायची. लावी म्हणजे मूठभर पाखरू, गवतात जमिनीवरच घरटं करणारं. घरट्यात तिची पाच अंडी होती. चोर दिसला की शेजारची टिटवी ओरडून रान डोक्यावर घ्यायची. मग भुरी पंख मोडल्याचं सोंग करून चोराला भलतीकडेच न्यायची. सगळं कसं फुकटात भागायचं.

एकदा सिंहाच्या गुहेतून सांबराची तंगडी चोरीला गेली. झालं! साऱ्या जंगलाची सुरक्षा धोक्यात आली. लगेच सुरक्षा खातं निघालं. बगळेसाहेब प्रमुख झाले, कारण काहीही न करता तासन्‌तास उभं राहणं त्यांना जमायचं. सल्लागार म्हणून मुंगूसराव आले. चोरीचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला होता?

नियम ठरला. आधी प्रत्येक घराच्या धोक्याची श्रेणी लावायची, मग श्रेणीप्रमाणे ओरडणारा द्यायचा. बाकी कुणी परवान्याशिवाय ओरडायचं नाही. सिंहाला सगळ्यात वरची, चौथी श्रेणी मिळाली. त्याच्या गुहेवर वानर, मोर आणि भुरीची टिटवीही नेमली गेली.

मग साहेब मुंगूसरावांना घेऊन भुरीकडे आले.

"यापूर्वी चोरी?"

"नाही साहेब. टिटवीताई ओरडायच्या ना!"

"म्हणजे धोका नाही. पहिली श्रेणी. हा घ्या रातकिडा."

"अहो, हा दिवसा झोपतो! आणि हे मुंगूसराव तर दिवसाच येतात!"

"दिवसाचा धोका दुसऱ्या श्रेणीत येतो, बाई."

मुंगूसरावांनी मान डोलावली. ती सूचना त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते एकटेच आले. रातकिडा घोरत होता. टिटवीने गुहेवरून सगळं पाहिलं, चोच उघडली आणि मिटली. तिचा परवाना राजापुरताच होता. भुरीला कळलं तेव्हा मुंगूसराव पुढ्यात उभे होते. सोंग करायलाही वेळ उरला नव्हता. ती जिवाच्या आकांताने ओरडली, पण पाचही अंडी गेली. बिचारीचं काळीज फाटलं.

साहेब मात्र तातडीने धावत आले. विनापरवाना ओरडल्याचा दंड त्यांनी आधी लावला.

"साहेब, आता तरी चोरी झाली ना?" भुरी रडत म्हणाली. "आता वरची श्रेणी द्या. मी पुन्हा अंडी घालीन."

"ती घातल्यावर बघू." साहेबांनी वाकून घरट्यात पाहिलं. "आत्ता इथे चोरण्यासारखं काहीच नाही. धोका शून्य! अभिनंदन, बाई!"

आणि जाताना ते रातकिडाही घेऊन गेले.

तात्पर्य : ज्याचं सगळं चोरीला गेलं, त्याच्याइतका सुरक्षित कुणी नाही. म्हणून बाळांनो, चोरांचा मान राखावा. अख्ख्या खात्याला जे जमत नाही, ते एकटा चोर एका दुपारी करून दाखवतो.