एका करंजीची रास

आमचे शेजारी दामूअण्णा पाहुण्याला पाणी विचारण्याआधी रास विचारत. दूधवाल्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. माणसाची रास कळली की त्याचा पदार्थ कळतो, असं त्यांचं शास्त्र होतं आणि ते त्यांनी स्वतःच रचलं होतं.

"तुमची कर्क ना? मग तुम्ही उकडीचे मोदक. जरा बोट लागलं की फुटणार, पण आत गोड!"

सिंह राशीचे लोक तळलेले मोदक, नुसते कडक. कन्येची माणसं वरणफळं, सुरीने नीट कापलेली. मी कुंभेचा, म्हणून माझ्या वाट्याला पुरणाचं दिंड. "आत काय गुंडाळलंय, देवाला ठाऊक," म्हणत ते माझ्या बायकोकडे सहानुभूतीने बघत. तीही मान डोलवायची, हे मला खटकायचं.

डोंबिवलीत तेव्हा रेशनचा तांदूळ कसा जाडाभरडा मिळे, ते आठवणाऱ्यांना आठवेल. तसल्या तांदळाच्या उकडीचे मोदक अण्णा गणपतीला एकटे करत. कळ्या अशा पाडत की चाळीतल्या बायका बघायला येत. मोदकांबरोबर एक करंजी करायचीच असते. मोदक भाऊ, करंजी बहीण. ती अण्णाही करत, पण कुणाला खाऊ देत नसत. दुसऱ्या दिवशी ती गाईला जाई.

"अण्णा, करंजीची रास कुठली हो?" मी एकदा विचारलं.

"तिला रास नाही," म्हणाले आणि पाठ फिरवली.

कारण पुढे बायकोने सांगितलं. हिचं माहेर कल्याणचं, आणि अण्णांची धाकटी बहीण सुशी तिथेच राहणारी. आईवडिलांमागे अण्णांनीच तिला वाढवलं. तिने आपल्या पसंतीचा मुलगा घरी आणला, तर अण्णांनी आधी रास विचारली. वृश्चिक! "म्हणजे उरलेल्या उकडीची, मिरची घातलेली निवगरी! माझ्या सुशीचं तोंड पोळेल," असं त्याच्या तोंडावर म्हणाले. सुशीने त्याच्याशीच लग्न केलं आणि माहेर तोडलं. डोंबिवली-कल्याण अंतर ते काय! पण दोघंही हटून बसली. मला दोघांचाही राग आला.

एका वर्षी गणपतीत अण्णांना ताप भरला. करंजी गाईला घालायला म्हणून त्यांनी हिच्या हातात दिली. हिने ती केळीच्या पानात बांधली आणि थेट कल्याण गाठलं. मला नंतर कळलं. सुशी म्हणे नुसती करंजी हातात घेऊन बसली.

भाऊबीजेला सकाळी अण्णांच्या दारात एक उंच गृहस्थ उभे. हातात पितळी डबा.

"मी वृश्चिकवाला," ते म्हणाले. "सुशीने तुम्हाला घेऊन यायला सांगितलंय. ओवाळणीचं ताट मांडून बसलीय."

अण्णांनी डबा उघडला. करंज्याच करंज्या, आणि मधोमध एक मोदक. करंज्या केल्या की एक मोदकही करावा लागतो, हे ती विसरली नव्हती. अण्णांना रडू आवरेना. माझेही डोळे भरून आले.

त्यांनी मोदक मोडून अर्धा तोंडात घातला.

"पारी जाडच केलीय. पातळ लाटायला तिला कधी आलंच नाही हो," असं म्हणत उरलेला अर्धा त्यांनी मेहुण्याच्या हातावर ठेवला आणि टोपी शोधू लागले.