जावईबापूंचा पासवर्ड

जावईबापूंनी एका कामासाठी आपणहून हात वर केला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

सासऱ्यांचा धंदा समारंभांना खुर्च्या-टेबलं भाड्याने द्यायचा. वर घर, खाली ऑफिस, मागे गोडाऊन. ऑफिसातले सगळे फोन चालवायचा कोपऱ्यातला एक काळा कॉम्प्युटर. खुर्च्यांसाठी एक दाबा, टेबलांसाठी दोन दाबा, हे त्या बिचाऱ्याचं काम. तर एकदा काय झालं, नेटवरून चोर त्याच्यात शिरले आणि ह्यांच्याच लाइनींवरून भलभलत्या देशांत फोन लावत बसले. गिऱ्हाइकांना दिवसभर एंगेज! एक मोठी ऑर्डर पलीकडच्या गल्लीतल्या खुर्चीवाल्याने उचलली, तेव्हा सासरे कडाडले, "ह्या मशीनची राखण कोण करणार?"

"बाहेरची कंपनी नेमू," दादा म्हणाला. दादा म्हणजे जावईबापूंचा थोरला मेहुणा.

तेवढ्यात हात वर गेला. जावईबापू गोडाऊनमध्ये खुर्च्या मोजून मोजून विटले होते. ऑफिसात, पंख्याखाली बसायला मिळावं एवढंच त्या जिवाचं म्हणणं.

"ठीक," सासरे म्हणाले. "पण परत गडबड झाली, तर मशीन कंपनीकडे आणि तुम्ही गोडाऊनमध्ये."

मग टेक्निशियन आला. त्याने मशीनमधलं जुनं काढून नवं घातलं, नको त्या वाटा बुजवल्या, आणि वारंवार चुकीची कडी वाजवणाऱ्याला मशीन आपोआप हाकलून देईल अशी सोय केली. जाताना म्हणाला, "पासवर्ड तुमचा तुम्ही ठेवा. लांबलचक वाक्य घ्या. जन्मात कुणाला सांगणार नाही असं काहीतरी."

असल्या गोष्टींचा जावईबापूंकडे चांगला साठा होता. (घरजावई नसले तरी सासरीच नोकरी. साठा होतोच.) त्यांनी पहिलं वाक्य ठेवलं: सासूबाईंचा चहा मी कुंडीत ओततो.

समोरच सासूबाई टेबलक्लॉथच्या घड्या घालत बसायच्या. त्यांना ऐकू येणं कमी होऊन बरीच वर्षं झाली होती. जिन्यावरून कुणी कितीही ओरडलं, तरी त्या गोड हसायच्या आणि विचारायच्या, "जेवलात का?"

रोज सकाळी पासवर्ड टाकायचा आणि कोण चोर येऊन गेला ते बघायचं, असं ते काम. दुसऱ्याच दिवशी सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या, जावईबापूंच्या पुढ्यातून सरळ खिडकीपाशी गेल्या आणि कप कुंडीत रिकामा केला.

"म्हटलं, तुमचे कष्ट वाचवावे," त्या म्हणाल्या.

जावईबापू ताडकन उठले. पासवर्ड फुटला! चोर आत शिरलेत आणि वर फोन करून घरात चुगल्याही करतायत! (सासूबाईंना फोनवर ओ की ठो कळत नाही, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. घाबरलेलं डोकं ते.) त्यांनी घाईघाईने नवं वाक्य ठेवलं: दादाची नवी गाडी भिंतीला मीच घासली.

संध्याकाळी दादा दारात उभा.

"काय जावईबापू, रंग कधी लावून देताय?"

"कसला रंग?"

"भिंतीला नव्हे. गाडीला."

रात्री जेवताना जावईबापूंनी सगळं बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, त्या टेक्निशियनला बोलवा की!"

"बोलावलं तर तुझ्या बाबांना कळेल. कळलं की मी गेलो खुर्च्यांत."

"आणि चोरांनी फोन बंद पाडले, तर आपण सगळेच जाऊ रस्त्यावर. बोलवा!"

त्यांनी पुन्हा वाक्य बदललं आणि टेक्निशियनला बोलावलं. मशीनपुढे सगळं घर जमलं. टेक्निशियनने आतली नोंद वरपासून खालपर्यंत तपासली. "चोर दारापर्यंत आलेत, पण आत एकही नाही. कुलूप अगदी घट्ट आहे."

"मग माझी वाक्यं बाहेर जातात कुठून?" जावईबापू रडकुंडीला आले.

"माझ्यासमोर टाका बघू. बाकीच्यांनी तोंडं फिरवा."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं, दादाने फिरवलं, बायकोने फिरवलं. सासूबाईंना हुकूम ऐकूच आला नव्हता. जावईबापू एका बोटाने एक एक अक्षर टिपू लागले, आणि खोलीत खो खो हसू फुटलं.

"अगदी खरं!" सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "उशीसुद्धा थरथरते हो!"

"कशाने थरथरते?" सासरे गर्रकन वळले.

"तुमच्या घोरण्याने. गोडाऊनमधल्या खुर्च्या नाचतात म्हणतायत जावईबापू."

"मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही!" जावईबापू ओरडले.

"काढता की. रोज सकाळी इथे बसून, अक्षर न् अक्षर सुटं करून बोलता. ह्या घरात बाकी सगळे नुसते ओरडतात, मला काही कळत नाही. तुमचं तेवढं स्वच्छ कळतं बाई."

टेक्निशियन जावईबापूंच्या ओठांकडे बघत राहिला. "बरोबर आहे. टाइप करताना तुमचे ओठ हलतात."

"म्हणजे गोडाऊन!" दादा टाळी वाजवून म्हणाला.

सासऱ्यांनी जावईबापूंकडे रोखून पाहिलं. मिशी थरथरत होती. सगळ्यांना वाटलं, आता फुटणार. आणि फुटले खरे, पण हसूच फुटलं. हसता हसता ते खुर्चीवर बसले.

"मशीन कुठे जाणार नाही," ते सासूबाईंकडे बोट दाखवून म्हणाले. "राखण ही करील. जी कानाविना एवढं काढून घेते, तिला चोर काय फसवणार? आणि जावईबापू, नोंद तुम्ही वाचून दाखवायची. इथेच, पंख्याखाली."

अशी जावईबापूंची जागा वाचली. आता रोज सकाळी ते सासूबाईंना चोरांची यादी वाचून दाखवतात. आवाज काढावा लागत नाही, नुसते ओठ हलवले की झालं. सासूबाई मान डोलावतात, मधेच चोरांना दोन शिव्याही घालतात. ऑफिसात एवढं निवांत काम दुसरं कुणाचंच नाही.

फक्त पासवर्ड आता सासूबाईंचा. टाइप करताना त्यांचा ओठ तसूभर हलत नाही. चष्म्यावरून जावईबापूंकडे बघतात, खांदे गदगदत असतात.

न राहवून जावईबापूंनी बायकोला विचारलं, "वाक्य माझ्यावरच आहे ना गं?"

"मला काय ठाऊक? आई कुणालाच सांगत नाही."

पण जावईबापूंना आता शंका उरलेली नाही. कारण सासूबाई टाइप करतात, करतात, करतच राहतात. मग मधे थांबतात, घोटभर पाणी पितात आणि पुढचं टाइप करायला घेतात.