बिवलकर बाई कळवतात

बिवलकर बाई आमच्या अगदी डोक्यावर राहायच्या. म्हणजे मी पहिल्या मजल्यावर, त्या दुसऱ्या. त्यांचा खलबत्ता सुरू झाला की माझ्या पंख्यावरची धूळ खाली पडायची. आणि इतक्या जवळच्या या बाईंचा निरोप मला यायचा पोस्टानं!

खोटं नाही सांगत. नवीन पनवेलच्या कॉलनीत आम्ही राहायला आलो, ते एकोणनव्वद-नव्वद साल असेल. जिन्यात भेटल्या म्हणून मी आपलं म्हटलं, "बाई, होळीला पुरणपोळी खायला या." त्या थांबल्या. छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "कळवते." होळी झाली, धुळवड झाली. रंगपंचमीला पोस्टमननं कार्ड टाकलं. "स. न. वि. वि. आपलं होळीचं निमंत्रण मिळालं. पुरणपोळी पसंत आहे. येते. कुमुद बिवलकर." आणि संध्याकाळी स्वतः दारात हजर, हातात लिंबाचं लोणचं. करते काय! मी मेली पुन्हा डाळ शिजत घातली.

बाई जुन्या पनवेलमध्ये मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, एकट्या, अंगानं काडी, चष्म्याला साखळी, छत्री बारा महिने. बोलणं असं की नकाशावर पट्टी मारल्यासारखं. पण बाईंचा खरा विषय भूगोल नव्हता, भिंती होता. त्यांच्या स्वतःच्या नव्हे, लोकांच्या.

आमच्या यांनी तेव्हा हॉलमध्ये बर्फाच्या डोंगराचा वॉलपेपर हौसेनं डकवला होता. पायथ्याशी तळं, तळ्यात होडी. येईल तो वाहवा करायचा. बाई पुरणपोळी खाता खाता म्हणाल्या, "मंदाताई, हा डोंगर कुठला?"

"परदेशातला आहे."

"तुमच्या खिडकीतून प्रबळगड दिसतो. त्याच्याकडे सोफ्याची पाठ केलीत, आणि तोंड या बर्फाकडे? दहा मिनिटं झाली, मला शिंका यायला लागल्या." आणि खरंच शिंकल्या हो!

त्या काळात घरोघरी गुबगुबीत गोऱ्या बाळाचं पोस्टर असायचं. बाई म्हणायच्या, "या पोराच्या आईनं याला हरवल्याची तक्रार दिली तर पोलिसांना सोपं जाईल. कुठलंही दार वाजवावं."

छापील काही त्यांना खपायचं नाही. "चित्र कसं हवं? एका हातचं, एका घरचं." हा त्यांचा मंत्र. दुसरा नियम किमतीचा. "चित्र साडीपेक्षा महाग घेऊ नये. साडी निदान नेसता येते." आता साडीच्या किमतीत एका हातचं चित्र पनवेलमध्ये कुठे मिळणार? पण बाई शोधायच्या. पाट्या रंगवणारे, गणपतींचे डोळे आखणारे, रिटायर झालेले ड्रॉइंगचे मास्तर, कुणाकुणाकडे जायच्या, आणि मला बरोबर न्यायच्या. म्हणायच्या, "दोन डोळे चुकतात, चार हवेत." त्या चारांतले माझे दोन त्यांनी कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

एकदा एसटी स्टँडजवळच्या रघू पेंटरकडे गेलो. बिचारा दूध डेअरीची पाटी रंगवत होता. त्यानं आतून खाडीचं चित्र आणलं. होडी, मावळता सूर्य, दोन बगळे. बाईंनी खुर्ची मागवली. स्वतःला नाही, चित्राला.

"उभं करा. जरा उजेडात घ्या. हं. आता पाठ दाखवा."

"पाठ?" रघू माझ्याकडे बघायला लागला.

"पाठच. वय काय याचं? काढून किती वर्षं झाली?"

"दोन, बाई."

"दोन वर्षं घरात! याआधी कोणी बघून गेलं? नकार का आला?"

मग बोट ओलं करून एका बगळ्यावर घासलं, रंग जातो का म्हणून. रघूच्या बायकोनं तोवर चहा केला, बशीत बिस्किटं मांडली. बाईंनी चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही, आणि उठल्या. "कळवते."

मला हसू आवरेना. रस्त्यात म्हटलं, "बाई, ही तर मुलगी बघायची तऱ्हा झाली. एखादं गाणं म्हणायला सांगायचं राहिलं की!"

एरवी बाईंचं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी चष्म्याची साखळी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "रिक्षा आली," आणि रिक्षा काही आली नव्हती.

चार दिवसांनी रघूला कार्ड गेलं. त्यानं ते मला दाखवलं. "आपलं चित्र नापसंत. होडी पाण्यात नसून पाण्यावर ठेवलेली वाटते. बगळे उत्तम. चहाबद्दल आभारी." रघूनं कार्ड दुकानात खिळ्याला अडकवलं. "काकू, नाही म्हणणारे पुष्कळ," तो म्हणाला, "पण नाही म्हणायला पंधरा पैसे कोण घालवतो?"

अशा नाना खटपटी करून बाईंच्या हॉलमध्ये चार वर्षांत चित्रं लागली किती? तीन. त्यातलं एक त्यांनी काढणाऱ्या पोरासमोर उलटं करून बघितलं, उलटं जास्त पसंत पडलं, आणि उलटंच टांगलं. सोफ्यासमोरची मोठी भिंत मात्र कोरी. "तिला साजेसं अजून आलं नाही," म्हणायच्या. म्हटलं, भिंतीच्या पत्रिकेत मंगळ असेल. मनातल्या मनात हं!

आता मुख्य गोष्ट सांगते. बाजारपेठेत सप्रे म्हणून म्हातारे फोटोवाले होते. रंगीत फोटो आले तसा त्यांच्या मुलानं नारळीच्या झाडांचा छापील देखावा आणून स्टुडिओत लावला. जुना पडदा उतरवून फूटपाथवर टाकला. आम्ही भाजीला निघालेल्या. बाई पाहून जागीच थांबल्या.

काय पडदा होता! कुणा नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यानं कधीकाळी केलेला. पायऱ्या, संगमरवरी कठडा, मागं तळं, तळ्यात दोन हंस, त्यातल्या एकाची मान दुसऱ्याच्या दीडपट, आणि वर परातीएवढा चंद्र. खाली माणसं उभी राहून राहून रंग उडालेला, डोक्यांच्या उंचीला तेलाचे डाग. मी म्हटलं, आता बाई सप्र्यांची हजेरी घेणार.

पण बाईंनी पाठ पाहिली नाही. वय विचारलं नाही. कठड्यापाशी वाकल्या आणि एक बोट टेकवलं, तेही कोरडं.

सप्रे म्हणाले, "हवा का, बाई? फुकट न्या. माझी जागा मोकळी होईल."

फुकट! एका हातचा, अख्खी भिंत भरेल एवढा! मी पिशवी खाली ठेवून पडद्याचं एक टोक धरलंसुद्धा. आणि बाईंच्या तोंडून काय निघावं?

"कळवते."

घरी येईपर्यंत मी बडबडत होते. "अहो, काय कळवता? माणूस समोर, पडदा समोर!"

"रीत आहे, मंदाताई. एकदम हो म्हणू नये. हलकेपणा दिसतो."

"पडद्यासमोर कसला हलकेपणा?"

संध्याकाळी त्यांनी कार्ड टाकलं. मध्ये रविवार आला, कसलीशी सुट्टी आली. पनवेलचं कार्ड पनवेलला पोचलं पाचव्या दिवशी. त्या दिवशी आम्ही गेलो, तर सप्रे कार्ड हातात घेऊनच उभे. "बाई, हे आत्ता आलं. पडदा परवाच दिला की मी हिराबाईला."

हिराबाई म्हणजे समोरच बसणारी भाजीवाली, करंजाड्याहून यायची. तिनं पश्चिमेच्या उन्हाला आडोसा म्हणून पडदा दोन बांबूंना ताणून बांधला होता. पुढ्यात वांगी, शेवग्याच्या शेंगा, मागं हंस आणि चंद्र! गिऱ्हाईक भाजी घेता घेता केस नीट करत होतं, जणू फोटोच निघणार आहे. बाई भर उन्हात उभ्या. छत्री हातात, पण उघडायची आठवण नाही.

"हा पडदा माझा आहे," बाई म्हणाल्या.

"तुमचा? सप्रे काकांनी मना दिलाय."

"मी आधी पसंत केला होता."

"कवा?"

"गेल्या आठवड्यात."

"मंग नेला का नाय?"

भूगोलाच्या बाईंनी नुसती छत्री या हातातून त्या हातात घेतली. मला आतून गुदगुल्या झाल्या, उगाच खोटं कशाला बोलू! चार वर्षं मी या घटकेची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नवी कोरी निळी ताडपत्री आणली. या बदल्यात पडदा द्या. हिराबाईनं हात पुसले.

"उबी करा." आम्ही दोघींनी उभी धरली. "उजेडात घ्या जरा. आता पाठ दावा." मग बोट थुंकीनं ओलं करून ताडपत्रीवर घासलं. "रंग जाल का हिचा?"

मी तोंडात पदर कोंबला. हिराबाईनं वांग्यांवर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, "घरी इचारते. सांगते मंग."

ताडपत्री तशीच धरून बाई पुढं वाकल्या. "कधी?"

"सांगते ना, बाय."

मग चार-पाच दिवस बाईंनी माझा जीव खाल्ला. पडद्याचा रंग म्हणजे सरसात कालवलेली पूड. ऊन त्याला खात होतं, आणि एक सर आली असती तर चंद्र गटारात गेला असता. शाळेला सुट्टी, त्यामुळे बाई दिवसातून तीनदा खाली यायच्या पत्रपेटी बघायला. मग माझी पेटी.

"माझं तुमच्यात पडलं नाही ना?"

"अहो, हिराबाईला लिहिता येत नाही."

"माहीत आहे," म्हणायच्या आणि तरी वाकून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "नाही सांगणार ती. सांगते म्हणणारे सांगत नाहीत."

"वा! तुम्ही तर कळवता."

"म्हणूनच कळवते," बाई म्हणाल्या आणि वर गेल्या. मला तेव्हा काही उमगलं नाही.

सहाव्या दिवशी भर दुपारी जिन्यात बांगड्या वाजल्या. हिराबाई! डोक्यावर पडद्याची ही एवढी गुंडाळी, घामानं निथळलेली. मी मागोमाग वर गेले. बाईंनी दार उघडलं.

"धनी नाय बोल्ला," हिराबाईनं गुंडाळी उतरवली. "म्हन्तो, चांदाखाली भाजी खपते. पन फडका मना दिलाय, त्याला नाय. घ्या. आन् ती निळी नको मना. हिरवी द्या, भाजीला शोबंल."

"तुम्ही स्वतः आलात? सांगायला?"

हिराबाईला प्रश्नच कळेना. "सांगते बोल्ले व्हते ना?"

आणि बिवलकर बाई, ज्यांनी पुरणपोळीला कार्ड टाकलं होतं, त्या पायात चपला सरकवत म्हणाल्या, "आत्ता आणते. हिरवी. बसा तुम्ही. मंदाताई, यांना पाणी द्या." छत्रीसुद्धा विसरल्या.

संध्याकाळी पडदा लावायला मी वर गेले. मोठी भिंत त्याला पुरेना, कडा बाजूच्या भिंतींवर वळवाव्या लागल्या. बाकीची तिन्ही चित्रं उतरवली, उलटं होतं तेही. मी स्टुलावर, हातात वरची काठी. "कुठवर घेऊ?"

"थांबा," म्हणून बाईंनी कपाटातून एक लिफाफा काढला. "चंद्र माझ्या डाव्या कानावर यायला हवा."

लिफाफ्यात फोटो होते, काळे-पांढरे. त्यांनी ते टेबलावर ओळीनं मांडले, उंची बघायला. सगळ्यांत तोच कठडा, तेच हंस, कठड्यावर ठेवलेला तोच हात. पहिल्या फोटोत दोन वेण्या, आणि हसू दाबताना गाल फुगलेले. मग एक वेणी. मग अंबाडा. पुढच्यात नाकावर चष्म्याचा वळ, पण चष्मा काढून ठेवलेला. शेवटच्या फोटोतल्या बाई तिकीट तपासनिसाकडे बघावं तशा समोर बघत होत्या. दोन-तीन फोटो पालथे पडले होते. मागं पेन्सिलीनं, भूगोलाच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं: "अलिबाग. कळवतो म्हणाले." "ठाणे. कळवतो म्हणाले." "सातारा. कळवतो म्हणाले."

मला रघू पेंटरची खुर्ची आठवली. आणि रस्त्यातला माझा तो गाण्याचा विनोद.

"काठी वर घ्या, मंदाताई," बाई म्हणाल्या. "चंद्र खाली येतोय."

पुढच्या आठवड्यात बाजारात गेले. हिराबाई हिरव्या ताडपत्रीखाली ऐटीत बसली होती. मला बघून कनवटीचा बटवा सोडला आणि नोटांतून एक कार्ड काढलं.

"काकू, वाचा ओ. सप्रे काकांच्या पत्त्यावर आलंय. काय ल्हिवलंय?"

मी वाचलं. "स. न. वि. वि. पडदा भिंतीवर लावला. पसंत आहे. आपण सांगते म्हणालात आणि जिने चढून सांगायला आलात. आजवर असं कोणी आलं नव्हतं. कुमुद बिवलकर."

"येवढंच?" हिराबाई म्हणाली. "मंग तवाच बोलायचं ना. मी समोरच व्हते."

कार्डाला पाण्याचा थेंब लागला होता, तो तिनं पदरानं टिपला. उलटसुलट करून बघितलं. "मना कोन ल्हिवतंय, काकू? ह्ये पयलंच." बटव्यात ठेवता ठेवता थांबली आणि पुन्हा माझ्यापुढं धरलं.

"परत वाचा. हलू वाचा."

मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं.